सायकल आणि कंपवात

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी धर्मगुरूने आजाराविषयी बोलावे, हे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. मंदिराचा, शाळेचा व पूर्वीच्या धर्मगुरूंचा इतिहास इतर वक्ते सांगणार आहेतच. आम्हांस त्या इतिहासातील एका सायकलीविषयी बोलावयाचे आहे. आपले एक वृद्ध मास्तर त्या सायकलीवरून कित्येक वर्षे वाड्यावस्त्यांवर धर्मशिक्षण देण्यास जात. बालाघाटचा चढ आला म्हणजे उतरून ती हाती धरून चालत, आणि उतारावर गीत म्हणत येत. त्यांचे नाव आम्ही घेत नाही, कारण त्यांनीच तशी विनंती केली आहे; घेण्याची गरजही नाही.

काही वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सेत वाचन करिताना मास्तरांचा उजवा हात कापू लागला. आवाज खोल गेला. चेहरा असा स्थिर झाला, की ते रागावले आहेत असे वाटावे. आम्हीच त्यांस दोनदा सर्वांसमक्ष म्हटले, "मास्तर, जरा मोठ्याने वाचा." कोणी कुजबुजले, की म्हातारपणी बाटलीचा नाद लागलासे दिसते. त्या बोलण्यास आम्ही दुजोरा दिला नाही, परंतु ते खोडूनही काढले नाही. हे आज आपल्यासमोर कबूल करणे आम्हांस भाग आहे. पुढे मास्तर मिस्सेला येईनासे झाले. आम्ही घरी गेलो तेव्हा सूनबाई ओट्यावर येऊन हळूच म्हणाल्या, "फादर, त्यांस भीती वाटते, की पवित्र कम्युनियन हाती घेताना खाली पडेल."

नंतर वैद्यांनी निदान केले. तो कंपवात होता, ज्यास पार्किन्सनचा आजार म्हणतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नामक वैद्याने १८१७ साली त्यावर निबंध लिहिला, म्हणून ते नाव पडले. मेंदूच्या तळाशी एका लहानशा भागातील पेशी डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करितात. त्या हळूहळू मरत जातात, आणि शरीराची हालचाल मंद व ताठ होते. हात कापणे हे त्याचे एकच लक्षण नव्हे. काहींचा हात मुळीच कापत नाही. अक्षर बारीक होत जाते, आवाज क्षीण होतो, चेहऱ्यावरील भाव मावळतात. बुद्धीला आपण काय बोलत आहोत ते पूर्ण कळत असता मुद्रा मात्र दगडासारखी राहते, आणि पाहणाऱ्यांचा गैरसमज होतो. आमचाही झाला.

ह्या आजारातील एक प्रकार मास्तरांच्या घरच्यांस फार चमत्कारिक वाटे. चालता चालता मास्तर उंबऱ्याशी येऊन थिजत. पाय जणू जमिनीस खिळले आहेत! कोणी हात धरून ओढले तर तोल जाई. मग नातीने त्यांच्या पायापुढे आपला पाय आडवा ठेवावा, आणि आजोबांनी तो ओलांडून पुढे यावे, असा उपाय घरातच सापडला. वैद्यांनी तो योग्य ठरविला. जमिनीवर आखलेल्या रेघा, टाळ्यांचा ताल, "एक-दोन, एक-दोन" अशी मोजणी, ह्यांनीही पाऊल सुटते.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने अंगणात धूळ खात पडलेली ती जुनी सायकल विकावयास काढली. मास्तरांनी हात आडवा केला. मुलाने सहज विनोदाने त्यांस धरून सीटवर बसविले, मागून कॅरिअर पकडले, आणि काय आश्चर्य! उंबरा ओलांडण्यास पाच मिनिटे घेणारा मनुष्य पायडल मारू लागला. मुलाने धावत येऊन आम्हांस हे सांगितले तेव्हा खरे सांगावयाचे तर आमचा विश्वास बसला नाही.

पुढे वाचनात आले, की हॉलंडमध्ये हेच दिसले होते. नायमेखेन येथील डॉक्टर बास ब्लूम ह्यांनी २०१० साली एका ५८ वर्षांच्या गृहस्थांची हकीकत प्रसिद्ध केली. ते गृहस्थ दोन पावलेही नीट टाकू शकत नसत, परंतु सायकल सरळ चालवीत, वळवीत; आणि उतरताच पुन्हा थिजत. पायडलची फिरती गती पायांस ताल देते, असा एक तर्क आहे.

अमेरिकेत जे. एल. आल्बर्ट्स ह्या संशोधकाची गोष्ट निराळी आहे. २००३ साली त्यांनी कंपवात असलेल्या एका बाईंस जोडसायकलीच्या मागल्या सीटवर घेऊन आयोवा प्रांत पार केला. प्रवासात त्या बाईंचे अक्षर सुधारलेले आढळले. मग २००९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला: आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा. ज्यांस पुढच्या सोबत्याने स्वतःच्या इच्छेपेक्षा जलद पायडल मारावयास लाविले, त्यांची हालचालीची लक्षणे सुमारे ३५ टक्के कमी झाली; जे आपल्याच चालीने फिरवीत होते त्यांची दमछाक कमी झाली, परंतु लक्षणे तशीच राहिली. दहा माणसे म्हणजे काही मोठी संख्या नव्हे. परंतु २०१९ साली हॉलंडमध्येच १३० रुग्णांवर प्रयोग झाला. घरच्या घरी स्थिर सायकल चालविणाऱ्यांची लक्षणे सहा महिन्यांत इतरांच्या मानाने पुष्कळ कमी वाढली. आजार ह्याने बरा होतो, असे कोणीही म्हटलेले नाही, व आम्हीही म्हणत नाही.

आमच्या मास्तरांस जोडसायकल कोठून मिळणार? वैद्यांस विचारले. त्यांनी रस्त्यावर जाण्यास साफ मनाई केली, आणि ते ठीकच झाले. गळिताच्या दिवसांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आपल्या रस्त्यांवर धावतात, तेथे धडधाकट मनुष्यही जपून असतो. तेव्हा आपल्याच एका वेल्डरबंधूने लोखंडी पाट्यांचा घोडा करून त्यावर सायकलीचे मागील चाक जमिनीपासून वर उचलले. मधल्या दांडीवरून पाय टाकणे कठीण, म्हणून दांडी नसलेली लेडीज सायकल घेतली. चढणे व उतरणे हीच धोक्याची वेळ असल्याने तेव्हा घरचे माणूस शेजारी असावेच लागते.

घरच्यांनी वेळ वाटून घेतली आहे. सकाळी गोळी घेतल्यावर अंग मोकळे होते तेव्हा मुलगा बसवितो. गोळीविषयी येथेच सांगून ठेवितो: लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळी, शक्यतो जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी, व मनाने कधीही बंद करू नये. सायंकाळी नात आपली शाळेची सायकल शेजारी उभी करून, चाक उचलून, त्यांच्या बरोबरीने पायडल मारते आणि मुद्दाम थोडी जलद मारते. "आजोबा, मागे पडलात!" सूनबाई ओसरीवरून टाळी वाजवितात. पूर्वी त्या घरात आजाराविषयी बोलणे दबक्या आवाजात होई. आता संध्याकाळी तेथे शर्यत लागते, आणि शेजारची पोरे पंच म्हणून येतात.

पुण्यास पार्किन्सन्स मित्रमंडळ म्हणून संस्था आहे. तेथे रुग्णास 'शुभार्थी' व त्याची काळजी वाहणाऱ्यास 'शुभंकर' म्हणतात. हे शब्द आम्हांस फार आवडले. शुभंकरही थकतो, हे आपण विसरतो. ह्या सूनबाई दोन वर्षे एकाही लग्नास गेल्या नव्हत्या.

संत योहान पौल दुसरे हे आपणांस ठाऊकच आहेत. तरुणपणी ते डोंगर चढत, बर्फावरून घसरत, नाव वल्हवीत. १९८६ साली ते पुण्यास आले तेव्हा ताठ चालत होते. १९९९ साली दिल्लीस आले तेव्हा डावा हात थरथरत होता, आणि तो त्यांनी लपविला नाही. २००५ साली त्यांचे निधन होईपर्यंत जगाने तो हात पाहिला. मास्तरांस आम्ही हे सांगितले तेव्हा ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत.

गेल्या रविवारी मास्तर मिस्सेला आले. दारात थिजले, नातीने पाय आडवा ठेविला. कम्युनियन आम्ही त्यांच्या जिभेवर दिले. वाचन ते अद्याप करीत नाहीत.

त्या वेल्डरबंधूने दुसरा घोडा फुकट करून दिला आहे. तो आमच्या निवासाच्या पडवीत ठेविला आहे. सोमवार, बुधवार व शुक्रवार, सायंकाळी पाच वाजता. ज्यांच्या घरी असा कोणी आहे, त्यांनी आधी वैद्यांस विचारून त्यांस घेऊन यावे, आणि टाळी वाजविण्यास एखादे पोर बरोबर आणावे.