किल्ली दुसऱ्याच्या हातीं

संगणकाची कळ दाबल्यापासून पडदा सजीव होईपर्यंतच्या अवधींत एक छोटा कारभारी आपलें काम उरकून निघून जातो. त्याचें नांव बूट लोडर.

जुन्या बायोस पद्धतींत यंत्र तबकडीचा पहिला ५१२ बाइटांचा खंड स्मृतींत आणतें आणि त्यांतील आज्ञा पाळूं लागतें. आज्ञांस जागा अवघी ४४६ बाइटांची! ग्रब हा लोडर लिनक्सचा गाभा स्वतः उचलून आणतो. विंडोजचा त्यास उचलतां येत नाहीं. मग तो विंडोजच्या विभागाचा पहिला खंड, यंत्र जेथें ठेवतें नेमक्या त्याच ठिकाणीं, स्मृतींत ठेवतो व स्वतः बाजूस होतो. त्या खंडास वाटावें, आपणांस यंत्रानेंच बोलाविलें. ही लबाडी मला फार आवडते.

माझ्या नातवानें लिनक्सनंतर दुसरी प्रणाली बसविली. तिनें पहिल्या खंडावर स्वतःच्या आज्ञा लिहिल्या, आणि लिनक्स दिसेना. वर्षाचा अभ्यास बुडाला म्हणून पोर रडकुंडीस आलें. वस्तुतः त्याचें सारें लेखन जागच्या जागीं होतें. बुजली होती ती वाट. ग्रब पुन्हा बसवितांच तें मिळालें.

नव्या यूईएफआय यंत्रांत प्रत्येक प्रणालीचा लोडर निराळ्या फाइलींत राहतो. तथापि प्रथम कोणास बोलवावें हा क्रम तेथेंही बदलूं शकतो. तबकडी पुसण्यापूर्वीं तो अवश्य पाहावा.