विहिरीवरचा ऑटो आणि कोंबडीतला जंतू

कागल तालुक्यातल्या शेडवाल्यांशी आज जरा भांडायचंय. चार पक्षी मान टाकून बसले, की मेडिकलातनं पुडी आणायची, अंदाजानं टाकीत ढवळायची आणि दाणा खायला लागले की बंद. डॉक्टर? ते नंतर, मर वाढल्यावर!

साल्मोनेला या जंतूचं बघा. तुमच्या विहिरीवर ऑटो असतो. रात्री थ्री फेज आली की तो ओळखतो, स्टार्टर ओढतो, तुम्ही अंथरुणातच. या जंतूतही तशी दोन प्रथिनांची जोडी आहे. फो-क्यू आवरणात बसून चाहूल घेतं, फो-पी आत मोटर चालू करतं. पक्ष्याच्या पांढऱ्या पेशीनं जंतू गिळला की आत आम्लता वाढलेली, मॅग्नेशियम कमी. झालं, लाईट आली! एरवी कशाला उगाच मोटर फिरवायची?

आता नीट ऐका. या मोटरीला कॉक दोन. एकातनं पेशीत तग धरून रोग माजवायची हत्यारं, दुसऱ्यातनं औषधापासून बचाव. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जंतूच्या आवरणावरच्या ऋण भाराला चिकटतं. जंतू तो भारच कमी करतो. मग चिकटणार कुठं? परत सांगतो, कॉक दोन, ऑटो एकच. पक्ष्याशी झुंजायला उठलेला जंतू औषधाशी झुंजायलाही त्याच झटक्यात तयार होतो. त्यात काहींचा ऑटो बिघडून कायमचा चालू राहिलेला असतो. तुमच्या अर्ध्यामुर्ध्या डोसात बाकीचे मरतात, हे उरतात. आणि वाढतात.

2015 साली चीनमधून बातमी आली ती याहून वाईट. कोलिस्टिनला न जुमानणारा जनुक, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा. त्याला ऑटोचीही गरज नाही. माणसांच्या आयसीयूत बाकी औषधं हरल्यावर हेच कोलिस्टिन काढतात. म्हणून जुलै 2019 मध्ये सरकारनं कोंबड्या-जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. पुडीवरचं नाव बदललं, ढवळणारा हात तोच!

मेलेला पक्षी डॉक्टरकडनं फाडून घ्या. कलेजी फुगलेली, तिच्यावर कांशासारखी हिरवट-तांबूस झाक दिसली तर साल्मोनेलामुळं होणाऱ्या कोंबड्यांच्या टायफॉइडचा संशय धरा आणि नमुना लॅबला जाऊ द्या. कुठलं औषध लागू पडतं ते तिथं कळेल, मेडिकलच्या काउंटरवर नाही.

वेळ संपत आली, आवरतो. ड्रिंकरच्या तळाला बोट लावून बघा, बुळबुळीत लागेल. त्या थरात जंतू कसे दडतात ते सांगायचं राहिलंच... आणि उंदीर! उंदरांचं तर काहीच बोललो नाही. बरं, आज टाकी तेवढी घासून घ्या.