परमुलखातली मार्ता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महिन्यापूर्वी चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला. मी "फुटबॉल" असे म्हटले, तेव्हा त्यांनी वहीत काही न लिहिता माझ्याकडे नुसते पाहिले. घरी नातवाने विचारले, "आजी, ऑफसाइड म्हणजे काय ते तरी तुला ठाऊक आहे का?" मला ते आता ठाऊक आहे, पण भिऊ नका, मी ते सांगत बसणार नाही. मला सांगावयाचे आहे ते एका बाईच्या नोकरीविषयी. फुटबॉल खेळणे हीच तिची नोकरी, आणि ती तिने वीसाहून अधिक वर्षे बहुतेक परमुलखात केली.

तिचे नाव मार्ता. ब्राझीलच्या ईशान्येस अलागोआस नावाचे राज्य आहे. त्याच्या आतल्या, पावसाला पारख्या भागात दोइस रियाशोस नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १९ फेब्रुवारी १९८६ रोजी ती जन्मली. ती अगदी लहान असतानाच वडील घर सोडून गेले आणि चार मुलांचा भार एकट्या आईवर पडला. घरात चेंडूला पैसे कोठले? वाणसामानाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरगळून त्यांचाच चेंडू करावयाचा. गावात मुलींचा संघ नव्हता, म्हणून ही मुलग्यांत खेळे. एका स्पर्धेत दुसऱ्या संघाच्या शिक्षकाने बजावले की, ही मुलगी उतरणार असेल तर आम्ही आमची मुले घेऊन परत जातो. ही हकीगत तिने स्वतःच पुढे लिहिली आहे.

आणि त्या शिक्षकालाच एकट्याला बोल लावून काय उपयोग? १९४१ साली ब्राझीलच्या सरकारने हुकूमच काढला होता की, स्त्रियांच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ त्यांनी खेळू नयेत. त्यात फुटबॉल आला. हा हुकूम १९७९ साली उठला, म्हणजे मार्ताच्या जन्माच्या अवघी सात वर्षे आधी. हुकूम उठला तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांची तोंडे थोडीच बंद होतात!

चौदाव्या वर्षी ती एकटी बसमध्ये बसली आणि तीन दिवसांचा प्रवास करून रिओला गेली. माझ्या मनात राहून राहून त्या आईचा विचार येतो. आपण मुलीला चौदाव्या वर्षी पुण्याहून मुंबईला धाडताना किती सूचना देतो! रिओत वास्को द गामा या मोठ्या क्लबाने तिला घेतले. दोनएक वर्षे गेली आणि त्या क्लबाने आपला स्त्रियांचा संघ बंद केला. 'संघ बंद झाला' हे शब्द तेवढे ध्यानात ठेवा. आज ते मला पुन्हा पुन्हा उच्चारावे लागणार आहेत.

२००३ साली ती जागतिक स्पर्धेत खेळली, तेव्हा सतरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या उमेओ येथील क्लबाने तिला बोलावून घेतले. अलागोआसच्या उन्हातून ही मुलगी गेली ती जेथे डिसेंबरात चार-साडेचार तासांचाच दिवस असतो त्या गावी. भाषा येत नाही, जेवण निराळे, अंगावर कधी न घातलेले जाड कपडे. पण तेथे स्त्रियांच्या सामन्याला लोक येत, पगार वेळेवर मिळे, आणि कोणी तिला 'तू येथे कशाला?' असे विचारीत नव्हते. पहिल्याच वर्षी उमेओने युरोपातील क्लबांचा चषक जिंकला. २००५ ते २००८ अशी ओळीने चार वर्षे स्वीडनचे अजिंक्यपद मिळवले. ती स्वीडिश भाषा उत्तम शिकली आणि पुढे २०१७ साली तिने त्या देशाचे नागरिकत्वही घेतले. २००६ ते २०१० अशी सलग पाच वर्षे जगातील सर्वश्रेष्ठ स्त्री-फुटबॉलपटू म्हणून तिचीच निवड झाली. खेळ असा, की डाव्या पायाला चेंडू चिकटून बसल्यासारखा वाटावा आणि अडवणाऱ्या दोघीतिघी मागे वळून पाहात राहाव्यात.

आता गंमत पाहा. गंमत कसली म्हणा! अमेरिकेत स्त्रियांसाठी नवी व्यावसायिक स्पर्धा निघाली आणि २००९ साली लॉस एंजलिसच्या क्लबाने तिला मोठ्या करारावर नेले. तिने त्या हंगामात सर्वांत जास्त गोल केले. हंगाम संपला आणि संघ बंद झाला. दुसऱ्या वर्षी कॅलिफोर्नियातीलच दुसरा क्लब. तेथेही सर्वांत जास्त गोल तिचेच, अजिंक्यपदही मिळाले, आणि तोही संघ बंद झाला. तिसऱ्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातील क्लब. पुन्हा अजिंक्यपद, आणि २०१२ साली ती सगळी स्पर्धाच गुंडाळली गेली.

मग ती स्वीडनला परतली, स्टॉकहोमजवळच्या ट्युरेसो क्लबात. मे २०१४ मध्ये लिस्बन येथे युरोपच्या अंतिम सामन्यात तिने दोन गोल केले, तरी संघ ४-३ असा हरला. आणि महिन्याभरात कळले की क्लबाचे दिवाळे वाजले आहे!

जगात पहिल्या क्रमांकाचा वकील, डॉक्टर किंवा गवई असेल, तर त्याची कचेरी दर वर्षी बंद पडते काय? लोक म्हणत, मार्ताचा पगारच क्लबांना जड जातो. त्यात तथ्यच नव्हते असे मी म्हणणार नाही. सोबतिणींच्या मानाने तिचा पगार फार मोठा होता. पण पुरुषांच्या फुटबॉलमधील नामांकित खेळाडूंच्या पगारापुढे तो चिल्लरच. खरी अडचण मालकांची होती. दोन-चार वर्षे तोटा सोसून प्रेक्षक जमवावेत, एवढा दम त्यांच्यात नव्हता, आणि नवा भागीदार मिळेना. घरात काटकसर निघाली की पहिली कात्री कोणाच्या खर्चाला लागते, हे येथे बसलेल्या कोणाला सांगावयास हवे? आपला शिवणवर्ग वर्गणीअभावी दोनदा बंद पडला, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंच्या हातात काही खोट नव्हती.

२०१९ साली फ्रान्समध्ये जागतिक स्पर्धा झाली. बूट तयार करणाऱ्या कंपन्या खेळाडूला आपले बूट घालण्याबद्दल पैसे देतात. तिला देऊ केलेली रक्कम पुरुषांच्या मानाने फारच कमी होती, म्हणून तिने कोणत्याच कंपनीचे चिन्ह नसलेले काळे बूट घातले आणि त्यांवर स्त्री-पुरुष समानतेची खूण लावली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोल केल्यावर तिने त्या बुटाकडे बोट दाखवले. पैसे नाकारणे तिला परवडत होते, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठीच तिने ते केले. त्याच स्पर्धेत जागतिक स्पर्धांतील तिचे एकूण गोल सतरा झाले. तोवर कोणा पुरुषाचेही इतके नव्हते.

एवढे असून जागतिक अजिंक्यपद मात्र तिला लाभले नाही. २००७ च्या अंतिम सामन्यात तिने मारलेली पेनल्टी जर्मनीच्या गोलरक्षिकेने अडवली. ऑलिंपिकमध्ये तीन वेळा रौप्यपदक मिळाले, सुवर्ण एकदाही नाही.

२०१७ पासून ती फ्लोरिडातील ऑर्लँडोच्या क्लबात खेळू लागली. येथे मात्र ती टिकली, कारण क्लब टिकला. मधली काही वर्षे बरीच पराभवाची गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तिच्या नेतृत्वाखाली संघाने अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवले. २०२५ च्या आरंभी तिने आणखी दोन वर्षांचा करार केला. नव्या मुलींनी पहिल्याच करारात मागितलेला स्थिर पगार आणि स्थिर क्लब तिला बारा-तेरा वर्षे देशोदेशी हिंडल्यावर मिळाला होता.

शेवटी एकच सामना सांगते. ऑगस्ट २०२५, इक्वाडोरमधील किटो शहर, दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेचा अंतिम सामना. ब्राझील हरत आलेले. मार्ता उत्तरार्धात बदली म्हणून उतरली आणि अगदी अखेरच्या क्षणी तिने बरोबरी साधली. जादा वेळात आणखी एक गोल केला. तरी ४-४ अशी बरोबरीच राहिली. मग पेनल्टी आल्या. तिची पेनल्टी अडवली गेली, तशीच अठरा वर्षांपूर्वीची. या वेळी मात्र बाकीच्या मुलींनी सामना जिंकून दिला, आणि एकोणचाळीस वर्षांची मार्ता त्यांच्यात उभी राहून रडत होती आणि हसत होती.