त्रिरश्मीच्या पायथ्याशी: स्वागताध्यक्षीय भाषण

परिषदेचे मान्यवर अध्यक्ष, व्यासपीठावरील अभ्यासक आणि राज्यभरातून आलेले भूगोलाचे शिक्षक या सर्वांचे स्वागत समिती नवीन नाशिकमध्ये, म्हणजेच नाशिककरांच्या सिडकोत, मनःपूर्वक स्वागत करते.

1970 साली स्थापन झालेल्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजेच सिडकोने, सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांच्या वाढत्या पसाऱ्याला जोडून, मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे अशा गावांच्या शेतजमिनींवर ही वसाहत सहा योजनांत उभी केली. घरे लहान व बैठी होती आणि जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची होती. पण हप्ते फिटत गेले, मुले शिकली आणि एकेका घरावर मजले चढले, त्यामुळे कामगारांची म्हणून आखलेली वस्ती दोन पिढ्यांत मध्यमवर्गीय झाली, गल्ल्या मात्र आखल्या तेवढ्याच रुंदीच्या राहिल्या. धुळे-जळगावकडून आलेल्या कुटुंबांनी येथे अहिराणी आणली आणि श्रावणातील कानबाईचा उत्सवही आणला. जुन्या नाशिकने या वस्तीकडे बराच काळ शहराबाहेरची म्हणून पाहिले, हेही नमूद केले पाहिजे.

वसाहत नवी असली तरी तिचा शेजार फार जुना आहे. महामार्गापलीकडील त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी या नावाने प्रसिद्ध असलेली 24 बौद्ध लेणी आहेत. त्यांपैकी दहाव्या लेण्यातील शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने केलेले दान कोरलेले आहे आणि या दात्याची आठवण नाशकात फारशी निघत नाही, ही समितीची जुनी खंत आहे. त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. ही ठेव अक्षयनीवी होती, म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज वापरायचे होते. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक या दराने वर्षाला दोनशे चाळीस कार्षापण होत आणि त्यांतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळत. हिशेब असा चोख, आणि व्यवहाराची नोंद निगमसभेत, म्हणजे नगराच्या व्यापारी सभेत, वाचून दाखवून फलकावर केलेली. कारागिरांच्या संघाच्या पतीवर एवढा विश्वास ठेवणाऱ्या दात्याच्या डोंगराखाली पुढे यंत्रकामगारांची वसाहत व्हावी, हा योगायोग समितीला फार प्रिय आहे. लेण्यांच्या पायथ्याशीच दादासाहेब फाळके स्मारक आहे. त्यावर स्वतंत्र भाषण होऊ शकेल, परंतु कार्यवाहांनी वेळेची आठवण करून दिली आहे.

परिषदेच्या विषयाशी या साऱ्याचा संबंध विचारला जाईल. डोंगर, नासर्डी नदी, काळी जमीन आणि महामार्ग ही भूगोलाचीच सामग्री असल्याने तो आहे, असे समितीचे नम्र मत आहे.

व्यवस्थेतील उणिवांबद्दल मात्र क्षमा मागणे भाग आहे. निवासासाठी एकच इमारत मिळू न शकल्याने पाहुणे तीन ठिकाणी विखुरले गेले, वरच्या मजल्यांवर सकाळी पाण्याचा दाब कमी असतो, वाहने गल्लीत उभी केल्यास शेजाऱ्यांचे दार अडते आणि मंडपातील ध्वनिक्षेपक मधूनमधून शिट्टी वाजवतो; सूचना लेखी दिल्यास त्यांची दखल संध्याकाळपर्यंत घेतली जाईल. अंबडच्या ज्या लघुउद्योजकांनी नाव न सांगण्याच्या अटीवर देणग्या दिल्या, ज्या महिला बचत गटांनी दोन दिवसांच्या भोजनाचा भार घेतला, ज्या मंडपवाल्यांनी अर्धेच भाडे आकारले, ज्या रहिवाशांनी आपल्या खोल्या, गाद्या आणि बादल्या पाहुण्यांसाठी दिल्या आणि ज्या विद्यार्थ्यांनी रात्री दोनपर्यंत खुर्च्या लावल्या, त्या सर्वांची समिती ऋणी आहे. दुपारच्या भोजनात वांग्याचे भरीत आणि शेवभाजी असून दोन्ही खानदेशी तिखटाची आहेत. कमी तिखट खाणाऱ्यांसाठी वेगळी पंगत आहे, मात्र तिचे कुपन अकरापूर्वी नोंदवावे. उद्या सकाळी साडेसहाला लेण्यांकडे बस निघेल. पायऱ्या बऱ्याच असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी तीच बस पायथ्याच्या स्मारकाशी थांबेल.