गाव कशाने टिकते?
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



आज मी आपणांस एका दूरदेशीच्या खेड्याची हकिकत सांगणार आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या अफाट माळरानावर निकोडेमस नावाची चिमुकली वस्ती आहे. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. परंतु मुक्त झालेल्या बहुतेक कृष्णवर्णीयांजवळ स्वतःची जमीन नव्हती. केंटकी राज्यातील अशाच कुटुंबांनी १८७७ साली हे गाव वसविले.

जाहिरातींत सुपीक भूमीचे वर्णन होते. प्रत्यक्षात पाहतात तो ना झाड, ना घर! आधी आलेली मंडळी जमिनीत खोदलेल्या घरांत राहत होती. वर दिसे तो फक्त चुलीचा धूर. तो पाहून विलियाना हिकमन या बाईंना रडू कोसळले. काही कुटुंबे परत फिरली. जी राहिली, त्यांनी नांगर-बैलांवाचून हातांनी माती फोडली. जेनी फ्लेचर यांनी मुलांना शिकविण्यास आरंभ केला. दहा वर्षांत तेथे प्रार्थनामंदिरे, दुकाने, हॉटेल आणि दोन वृत्तपत्रेही झाली.

पुढे रेल्वे येणार म्हणून १८८७ मध्ये लोकांनी १६,००० डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. परंतु १८८८ मध्ये रेल्वे सॉलोमन नदीच्या पलीकडून गेली. व्यापारी तिकडे गेले. पुढे १९३० नंतर अवर्षण आणि धुळीच्या वादळांनी शेती मोडली. तरुण शहरांकडे गेले. १९५३ मध्ये पोस्टही बंद झाले. आज तेथे मोजकीच माणसे राहतात.

तरीही निकोडेमस पुसले गेले नाही. दरवर्षी जुलैअखेर दूरदूरच्या शहरांतून तेथल्या पूर्वजांची लेकरे-नातवंडे मुक्तीच्या उत्सवासाठी गावी जमतात. या गावाची थोरवी ओळखून १९९६ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

सज्जनहो, रेल्वे गेली, बाजार गेला, पण माणसांनी नाते सोडले नाही, म्हणून ते गाव टिकले. आपलीही कितीतरी मुले नोकरीधंद्यासाठी शहरांत आहेत. त्यांनी पाठविलेल्या देणगीचे मोल आहेच. पण माझी विनंती एवढीच, की वर्षातून एकदा मुलाबाळांसह यावे, त्यांना आपले शिवार, आपली विहीर दाखवावी, वडीलधाऱ्यांकडून गावाच्या गोष्टी ऐकवाव्यात. येणारी पावले थांबली, की चिरेबंदी भिंतींनाही गाव राखता येत नाही.