फाशीच्या वाटेवरील थांबे

इंदूरहून उज्जयिनीकडे जाताना सांवेर हे तालुक्याचे गाव लागते. खून सांवेरच्या एखाद्या वाडीत घडो अथवा इंदूरच्या भरवस्तीत घडो, आरोपीस देहान्ताची शिक्षा झाली म्हणजे त्या खटल्याचे कागद उच्च न्यायालयाच्या इंदूर येथील खंडपीठापुढे जातात. सत्र न्यायाधीशाने सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात आणता येत नाही, हा भारतीय कायद्याचा जुना दंडक आहे. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज असे आणखी थांबे येतात. सामान्य माणसाला हा सारा प्रकार म्हणजे निव्वळ दिरंगाई वाटते. ती दिरंगाई आहे, की न्यायाचेच एक अंग आहे, हे इंदूरच्या एका खटल्यावरून नीट ध्यानात येते.

१९ जून २०११ रोजी इंदूरच्या श्रीनगर भागात एका मराठी घरात तीन स्त्रियांचे खून झाले. आजी, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्या एकाच दिवशी नाहीशा झाल्या. हेतू चोरीचा होता. काही दिवसांतच एक तरुणी आणि दोन पुरुष यांस अटक झाली. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार कोणी नव्हता. पुरावा सर्व परिस्थितिजन्य होता. तरी त्याची साखळी न्यायालयास पुरेशी वाटली. २०१३ साली सत्र न्यायालयाने तिघांनाही फाशी ठोठावली आणि २०१४ साली खंडपीठाने ती कायम केली. होळकरांच्या काळापासून मराठी माणूस ज्या शहरास आपले मानीत आला, तेथे या बातमीने केवढी खळबळ माजली असेल, हे सांगावयास नको.

येथे कायद्यात झालेला पालट लक्षात घेतला पाहिजे. १९५५ पूर्वी, ज्या गुन्ह्यास देहान्त सांगितला आहे त्यात फाशी दिली नाही, तर ती का दिली नाही याची कारणे न्यायाधीशास लिहावी लागत. १९७३ च्या संहितेने हा क्रम उलटविला. जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी द्यावयाची असेल तर विशेष कारणे नमूद करावी, असे ठरले. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, फाशी केवळ विरळातील विरळ प्रकरणी द्यावी, आणि त्यासाठी नुसते कृत्य न पाहता कृत्य करणारा माणूसही पाहावा, असा निर्णय दिला.

इंदूरच्या खटल्यात याच दुसऱ्या अर्ध्या भागाची उणीव होती. कृत्य कसे घडले, जखमा किती होत्या, याची चर्चा झाली. हे तिघे कोण, कोणत्या परिस्थितीत वाढले, तुरुंगात कसे वागले, याची पुरेशी चौकशी झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती व मानसशास्त्रीय तपासणीचे अहवाल मागविले. २० मे २०२२ रोजी मनोज विरुद्ध मध्य प्रदेश शासन या नावाने निकाल लागला. दोषसिद्धी कायम राहिली. फाशी मात्र रद्द होऊन किमान पंचवीस वर्षांची जन्मठेप झाली. शिवाय अशी माहिती सत्र न्यायालयातच गोळा करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वेही घालून दिली गेली.

यावरून न्यायालये नेहमीच फाशी टाळतात असे मात्र समजू नये. १९७६-७७ साली पुण्यात दहा माणसांचे बळी घेणाऱ्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील चौघांस २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास फाशी झाली. सर्व थांबे ओलांडावयास तेथेही सहा वर्षे लागली.

उलट, १९९४ सालचे पुण्यातीलच दुसरे प्रकरण पाहावे. एका घरात लूट करताना सात जणांचे प्राण घेतले गेले. त्यातील एका आरोपीची फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली होती. मात्र गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय अवघे बारा वर्षांचे होते, असे २०२३ साली त्याच न्यायालयाने मान्य केले आणि अठ्ठावीस वर्षांच्या कारावासानंतर त्याची सुटका झाली. बालकास फाशी देण्याची मुभा कायद्यात नाही. शिक्षा त्वरेने अमलात आली असती, तर ही चूक उघडकीस येऊनही दुरुस्त करता आली नसती.

म्हणून वाट लांबते यातच अन्याय आहे असे म्हणता येत नाही. अन्याय होतो तो या वाटेवरील प्रत्येक थांब्यावर नुसते कागद पुढे सरकले, आणि ज्या प्रश्नासाठी तो थांबा ठेवला आहे तो कोणी विचारलाच नाही तर. इंदूरच्या खटल्यात जी चौकशी अकरा वर्षांनी झाली, ती पहिल्याच न्यायालयात झाली असती, तर ज्या घरातील तीन माणसे गेली त्या घरालाही निकालाची इतकी वाट पाहावी लागली नसती. त्या कुटुंबाचे दुःख कोणत्याही शिक्षेने भरून येणारे नाही. निकाल लवकर यावा आणि तो पुन्हा फिरवावा लागू नये, एवढे मागण्याचा अधिकार मात्र त्याला निश्चित आहे.