मॅगझिन काढली, पण गोळी?



निवडणुकीची आचारसंहिता लागली की जळगाव-धुळ्याचे परवानाधारक आपली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला येतात. कुणी पिस्तुलातली मॅगझिन काढून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, रिकामं आहे." मॅगझिन निघाली, पण चेंबरमध्ये चढवलेली गोळी कुठे निघाली?

नेमकी ही चूक सावरायला मॅगझिन सेफ्टी असते. 1935 च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये ती आहे आणि ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं 9 मिलिमीटर पिस्तूल त्याच घडणीचं. चापाजवळची स्प्रिंगची छोटी खुंटी मॅगझिनला टेकलेली असते. मॅगझिन उतरली की खुंटी तिच्या रिकाम्या जागेत सरकते, चापाचा घोड्याशी संबंध तुटतो. मग चेंबरमध्ये गोळी असली तरी चाप ओढून ती सुटत नाही. घरात लहान मुलं असलेल्यांनी याचं मोल ओळखावं. झटापटीत पिस्तूल हिसकावलं जात असेल, तर बटण दाबून मॅगझिन पाडता येते. चेंबरमधली गोळीही मग हिसकावणाऱ्याच्या कामाची राहत नाही.

पण चकमकीत मॅगझिन बदलताना हीच सेफ्टी आड येते. चेंबरमध्ये एक गोळी शिल्लक असूनही ती वापरता येत नाही. त्या खुंटीच्या घासण्यानं चापही जड, खरखरीत होतो. रिकाम्या पिस्तुलाचा घोडा चाप ओढून उतरवायचा, तर पुन्हा मॅगझिन घालावी लागते, हे मला सर्वांत खटकतं. रिकामं करण्याच्या कामात मॅगझिन परत आत जावी, ही सवय वाईटच.

तरीही घरी ठेवायच्या शस्त्रात ही सेफ्टी असावी, असं माझं ठाम मत आहे. मात्र तिच्यावर विसंबू नये. ग्लॉकच्या पिस्तुलात ती नसते. चोपड्याच्या सीमेपलीकडे, उमर्टी भागात बनणाऱ्या गावठी पिस्तुलांत कोणतीही सेफ्टी धड असेल, याचा भरवसा नाही. एका पिस्तुलावर बसलेला हात दुसऱ्यावर तसाच चालला, तर जीव जाईल.

म्हणून बोट चापाबाहेर, नळी सुरक्षित दिशेला. आधी मॅगझिन काढा. मग स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबर डोळ्यांनी बघा. अंधार असेल तर करंगळीनं चाचपा. क्रम उलटा झाला, आधी स्लाइड ओढून सोडली आणि नंतर मॅगझिन काढली, तर मॅगझिनमधली वरची गोळी चेंबरमध्ये चढून बसलेली असते.